मत आपलं, जबाबदारीही आपली: नीट विचार करण्याची कागदावरची पद्धत

मतं तपासून घ्यावीत असं सगळेच सांगतात. तपासायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. इथे दिलेली पद्धत कागद-पेनानेच करायची आहे. डोक्यातल्या डोक्यात ती जमत नाही, कारण अडचण आली की डोक्यातलं वाक्य गुपचूप बदलतं आणि आपण पहिल्यापासून हेच म्हणत होतो असं वाटू लागतं. लिहिलेल्या वाक्याला ही सोय नसते.

सगळ्या मतांवर ही मेहनत घेण्यात अर्थ नाही. ज्या मतावर तुम्ही काही करणार आहात तेच निवडा: त्यावरून मतदान करणार, पैसे गुंतवणार, कुणाशी बोलणं बंद करणार किंवा ते चारचौघांना पाठवणार. पहिल्या वेळी पाऊण तास लागेल, सवय झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं पुरतात. उरलेल्या विषयांवर ‘मी याचा विचार केलेला नाही’ हे उत्तर पुरेसं आहे. ते जितकं वापरायला हवं तितकं वापरलं जात नाही.

वाक्य फोडून लिहा

समजा मत असं आहे: ‘वेगमर्यादा कमी केल्यामुळे अपघात घटले, तेव्हा ती सगळीकडे लागू केलीच पाहिजे.’ ऐकायला हे एकच विधान वाटतं, पण त्यात चार आहेत. अपघात घटले, ही घटना. वेगमर्यादेमुळे घटले, हे कारण. इतर ठिकाणीही घटतील, हे भाकीत. आणि काही जीव वाचणार असतील तर सगळ्यांचा थोडा वेळ गेला तरी चालेल, हे मूल्य. चौथं विधान बहुतेक वेळा बोललंच जात नाही, आणि खरं भांडण बरेचदा तिथेच असतं.

चारही वेगळ्या ओळींवर लिहा. घटना नोंदी पाहून ठरते. कारणासाठी तुलना लागते. भाकिताला वाट पाहावी लागते. मूल्याला पुरावा नसतो. ते पटवून द्यावं लागतं आणि त्याची किंमत कोण मोजणार हे सांगावं लागतं. समोरचा मूल्याबद्दल बोलत असताना त्याच्यापुढे आकडेवारी टाकत राहिलं की दोघेही तासभर खरं बोलतात आणि एकमेकांना मूर्ख समजून उठतात.

पहिल्या तीन ओळींपुढे ‘कशावरून?’ याचं उत्तर लिहा. पर्याय चारच ठेवा: स्वतः पाहिलं, मूळ कागद वाचला, या विषयातल्या जाणकाराने सांगितलं, कुठेतरी ऐकलं. राजकीय मतांच्या बाबतीत चौथा पर्याय वारंवार येईल. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण नोंद खरी हवी. ‘सगळेच म्हणतात’ हाही चौथाच पर्याय. हॅशर, गोल्डस्टाइन आणि टॉपिनो यांनी १९७७ मध्ये दाखवलं की एखादं विधान पुन्हा पुन्हा कानावर पडलं की तेवढ्यानेच ते जास्त खरं वाटू लागतं. अनेकदा ऐकलेल्या वाक्याची म्हणूनच जास्त कडक तपासणी करायला हवी.

मग शब्दांकडे वळा. ‘अपघात’ म्हणजे पोलिसांत नोंदवलेले की विम्याचा दावा झालेले? त्यात किरकोळ धडक धरली आहे का? ‘घटले’ म्हणजे किती काळात? व्याख्या दोन ओळींत लिहिता आली नाही, तर पुढे जाण्याआधी तीच शोधा.

आकडा आला की थांबा

सगळ्यांत जास्त फसगत इथे होते, म्हणून या टप्प्यात घाई नको.

पहिला प्रश्न: कशापैकी? गुन्हे १०,००० वरून ११,००० झाले, म्हणजे दहा टक्क्यांची वाढ. पण त्याच काळात लोकसंख्या १० लाखांवरून १२ लाख झाली असेल, तर लाखामागे गुन्हे १,००० वरून सुमारे ९१७ वर आले. एकाच नोंदवहीतून ‘गुन्हेगारी वाढली’ आणि ‘गुन्हेगारी घटली’ अशा दोन्ही बातम्या निघतात. शिवाय तक्रार नोंदवणं सोपं केलं की नोंदी वाढतात, गुन्हे तेवढेच असले तरी.

दुसरा: टक्के की टक्केबिंदू? बेरोजगारी ४ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर गेली, तर वाढ एका टक्केबिंदूची किंवा २५ टक्क्यांची. दोन्ही बरोबर. सत्तेतला माणूस पहिलं म्हणतो, विरोधातला दुसरं.

तिसरा: मुळात किती होतं? १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो. ‘दुप्पट’ ऐकून अनेक स्त्रियांनी गोळ्या सोडल्या. प्रत्यक्षात धोका सात हजारांत एकीवरून सात हजारांत दोघींवर गेला होता. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये गर्भपात सुमारे १३,००० नी वाढले असा अंदाज आहे, आणि गरोदरपणात गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्तच असतो. म्हणून ‘दुप्पट’, ‘निम्मं’, ‘तीस टक्क्यांनी जास्त’ असं काही दिसलं की ते ‘दहा हजारांत इतके, आता इतके’ या रूपात उतरवून घ्या. मूळ संख्या मिळत नसेल, तर त्या आकड्यावर निर्णय घेऊ नका.

चौथा: सुरुवात कुठून धरली? आलेख सगळ्यांत वाईट वर्षापासून काढला की सुधारणा दिसते, सगळ्यांत चांगल्या वर्षापासून काढला की घसरण. उपाय सोपा आहे: दाखवलेल्या पहिल्या वर्षाच्या मागची पाच वर्षं शोधा.

पैशांच्या आकड्यांवर दोन गणितं करा. एक, माणशी भागाकार. ५०० कोटींची योजना आणि ५ कोटी लोक, म्हणजे माणशी वर्षाला १००, महिन्याला आठ-साडेआठ. दोन, महागाई वजा करा. ७२ ला महागाईच्या वार्षिक दराने भागलं की किंमती किती वर्षांत दुप्पट होतात ते अंदाजे कळतं. दर ७ टक्के असेल तर साधारण दहा वर्षं. म्हणजे ‘दहा वर्षांत खर्च दुप्पट केला’ या घोषणेचा अर्थ अशा वेळी ‘खर्च होता तिथेच आहे’ असा होतो.

जनमत चाचणी एक हजार लोकांची असेल तर त्रुटीची मर्यादा (खरा आकडा जितका वर किंवा खाली असू शकतो ते अंतर) सुमारे ३ टक्केबिंदू असते, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. निसटतं ते हे की ती एका पक्षाच्या आकड्याची असते; दोन पक्षांमधल्या फरकाला जवळपास दुप्पट लागते. ४६ विरुद्ध ४३ या निकालातली तीनची आघाडी सहाच्या त्रुटीत सहज बुडते. आणि माणसंच चुकीची निवडली असतील तर संख्या कितीही वाढवून उपयोग नाही. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून जास्त उत्तरं मिळवली आणि रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं जाहीर केलं. रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. यादीत दूरध्वनी आणि मोटारवाल्यांचा भरणा होता, आणि उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे लोक न पाठवणाऱ्यांसारखे नव्हते.

शेवटची पायरी: एकूण आकडा गटांत फोडून पाहा. बर्कली विद्यापीठात १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशांत पुरुष अर्जदारांपैकी ४४ टक्के आणि स्त्रियांपैकी ३५ टक्के निवडले गेले. विभागवार पाहिल्यावर स्त्रियांविरुद्धचा हा सरसकट कल दिसेनासा झाला. त्यांनी जास्त अर्ज केले होते ते मुळात फार कमी प्रवेश देणाऱ्या विभागांत. यावरून भेदभाव कुठेच नव्हता असं सिद्ध होत नाही. तो शोधायचा तर कुठे, एवढं मात्र कळतं.

‘मुळे’ हा शब्द वापरण्याआधी

वेगमर्यादेचंच उदाहरण पुढे नेऊ. नियम आधी कुठे लागू झाला? बहुधा गेल्या वर्षी जिथे सर्वाधिक अपघात झाले तिथे. एखाद्या चौकात वर्षाला सरासरी चार अपघात होत असतील, तर कधी सात होतात, कधी दोन. सातच्या वर्षानंतर काहीही केलं नाही तरी पुढच्या वर्षी आकडा खाली येण्याचीच शक्यता जास्त. त्या मधल्या काळात जे कुणी काही केलं असेल त्याच्या पदरात श्रेय पडतं: नवा कॅमेरा, नवा अधिकारी, यज्ञ, काहीही. अतिवाईट काळानंतर आलेल्या सुधारणेला म्हणूनच लगेच टाळ्या नकोत.

करायचं असं. तुमच्या कारणाव्यतिरिक्त आणखी तीन कारणं लिहा ज्यांनी हेच घडू शकलं असतं. तिसरं सुचायला त्रास होईल, पण तिथेच या कामाचा उपयोग असतो. मग नियम लागू नसलेली तशीच जागा पाहा. तिथेही अपघात तेवढेच घटले असतील, तर कारण दुसरीकडे आहे. अशी जागाच सापडत नसेल, तर वहीत ‘मुळे’ खोडून ‘त्यानंतर’ लिहा आणि बोलतानाही तोच शब्द वापरा.

मुळापर्यंत जा, पाच मिनिटांत

फॉरवर्ड किंवा स्क्रीनशॉट आला तर त्याच्या मजकुरावर विचार करत बसू नका. खोटा मजकूरही वाचायला तर्कशुद्ध असतो. तो बाजूला ठेवा आणि दुसऱ्या खिडकीत तीन गोष्टी शोधा: हे पहिल्यांदा कुणी म्हटलं, इतर लोक त्या स्रोताबद्दल काय म्हणतात, आणि हाच दावा एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणी आहे का. दहा संकेतस्थळांनी एकाच ठिकाणाहून उचललेली बातमी हा एकच स्रोत असतो. चित्र असेल तर उलट चित्रशोध करा, म्हणजे तेच चित्र शोधयंत्रात टाकून ते आधी कुठे आलंय ते पाहा. जुनी छायाचित्रं नव्या घटनेला चिकटवणं हा सगळ्यांत स्वस्त प्रकार आहे. पाच मिनिटांत काही हाती लागलं नाही तर ‘माहीत नाही’ असं लिहा आणि पुढे पाठवू नका.

स्वतःच्या विरुद्ध पुरावा शोधणं

१९६० मध्ये मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी लोकांना २, ४, ६ ही मालिका दिली. तिच्यामागचा नियम ओळखायचा होता, त्यासाठी स्वतःच्या मालिका सुचवून त्या बसतात का ते विचारायची मुभा होती. लोकांनी ८, १०, १२ सुचवलं, होकार आला. २०, २२, २४ सुचवलं, पुन्हा होकार. मग ‘दोनदोनने वाढणारे आकडे’ असं आत्मविश्वासाने सांगितलं. खरा नियम होता ‘चढत्या क्रमाने कोणतेही तीन आकडे’. आपला अंदाज मोडेल अशी मालिका, म्हणजे १, २, ३ किंवा ५, २७, ९०, फार थोड्यांनी विचारून पाहिली.

रोजच्या मतांसाठी यावरून तीन कामं निघतात. पहिलं, वहीत हे वाक्य पुरं करा: ‘अमुक दिसलं तर मी हे मत बदलेन.’ तिथे ‘ठोस पुरावा मिळाला तर’ असं लिहिणं म्हणजे पळवाट. ‘नियम नसलेल्या रस्त्यांवरही तेवढीच घट दिसली तर’ हे चालेल. काहीच सुचलं नाही, तर ते मत तथ्यांवर उभं नाही. मूल्याच्या ओळीत हलवा आणि तसंच मांडा.

दुसरं, बाजू बदलून वाचा. आवडत्या नेत्याच्या नावाजागी नावडत्याचं नाव घाला, बाकी मजकूर तसाच ठेवा. राग किंवा कौतुक उलटं झालं, तर तुम्ही कृतीला नव्हे, माणसाला गुण देत होता. तिसरं, विरोधी बाजू चार वाक्यांत लिहा आणि ती बाजू मानणाऱ्या एखाद्याला दाखवा. ‘हो, आमचं म्हणणं असंच आहे’ असं तो म्हणाला तरच पास. बहुतेकांचा पहिला प्रयत्न इथे नापास होतो, कारण विरोधकाचा सगळ्यांत दुबळा समर्थक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं असतं.

आणखी एक चाचणी: धोरण कसं चालतं ते पायरीपायरीने लिहा. ते का हवं हे लिहायचं नाही. पैसा कुठून निघतो, कुणाच्या हातात जातो, कोण तपासतो, नियम मोडल्यावर काय होतं, एवढंच. रोझेनब्लिट आणि काइल यांनी २००२ मध्ये साध्या यंत्रांवर हे करून पाहिलं: चेन, कुलूप, शौचालयाचा फ्लश. वस्तू कशी चालते ते लिहायला सांगितल्यावर लोकांनी आपल्याच समजुतीला आधीपेक्षा कमी गुण दिले. करव्यवस्था फ्लशहून सोपी नाही.

भाकितांची वही

मतातलं भाकीत तारीख आणि शक्यतेसह लिहा. ‘हे सरकार फार टिकणार नाही’ हे भाकीत नव्हे, ते कधीच चुकू शकत नाही. ‘पुढच्या ३१ डिसेंबरपूर्वी सरकार पडेल, शक्यता ७० टक्के’ हे भाकीत.

तारीख आली की गुण काढा. ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये सुचवलेली रीत सोपी आहे: घडलं तर १, नाही तर ०, त्यातून तुमची शक्यता वजा करा आणि वर्ग करा. ७० टक्के म्हटलं आणि घडलं, तर ०.३ चा वर्ग, ०.०९. घडलं नाही तर ०.४९. गुण कमी तितके चांगले. सगळ्या प्रश्नांना ५० टक्के म्हणणाऱ्याला नेहमी ०.२५ मिळतात, सरासरी त्याहून वर गेली, तर तुमचा आत्मविश्वास तुम्हाला अज्ञानापेक्षाही महाग पडतोय. निदान तीसेक नोंदी होईपर्यंत निष्कर्ष काढू नका. ८० टक्क्यांची दहा भाकितं करून सहा किंवा त्याहून कमी बरोबर येणं, अंदाज अचूक असला तरी, साधारण आठांत एकदा होतं.

माझा वाटा किती

आता मतांकडून कृतींकडे. घरात, कामावर, संस्थेत काही बिघडलं की दोन प्रकारची माणसं दिसतात: सगळं दुसऱ्यावर टाकणारी आणि सगळं स्वतःवर ओढून घेणारी. दुसऱ्या प्रकाराला आपण सद्‌गुण मानतो, पण तोही हिशेबातली चूकच असतो आणि त्याने खरं कारण झाकलं जातं.

तीन रकाने आखा: काय घडलं, त्यात माझ्या हातात काय होतं, त्या वेळी मला काय माहीत होतं. तिसरा रकाना सोडू नका. निकाल कळल्यावर तो आधीच दिसत होता असं वाटतं. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये हे प्रयोगातून दाखवलं. निर्णय त्या दिवशीच्या माहितीवर तोला. चांगल्या निर्णयाचा वाईट निकाल लागतो, आणि बेफिकीर निर्णय कधीकधी निभावून जातो. निभावलेल्या निर्णयांचीही अशीच नोंद ठेवली नाही, तर नशिबाला आपण कौशल्य समजू लागतो.

स्वतःच्या वाट्याचा अंदाज करताना एक सवलत आधीच कापून घ्या. रॉस आणि सिकोली यांनी १९७९ मध्ये पती-पत्नींना घरातल्या कामांतला आपापला वाटा वेगवेगळा विचारला. बहुतेक जोडप्यांची बेरीज पूर्ण वाट्याच्या पुढे गेली. भांडण सुरू करण्यासारख्या नकोशा गोष्टींतही कल तोच होता. म्हणजे हा निव्वळ बढाईचा मामला नाही. स्वतः केलेलं आठवतं, दुसऱ्याने केलेलं दिसतच नाही. श्रेय मागण्याआधी दुसऱ्याने केलेल्या पाच गोष्टी लिहून काढा. पाच होईनात तर त्यालाच विचारा.

चूक कबूल करायची असेल तर वाक्यात कर्ता ठेवा. ‘निरोप राहून गेला’ नको; ‘मी मंगळवारी निरोप दिला नाही’ असं लिहा. त्यापुढे ‘पण’ नको. कारण सांगायचं असेल तर ते विचारल्यावर. मग दुरुस्ती: काय करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. आणि दोष नसलेलं कामही आपलं असू शकतं. पाइप तुम्ही फोडला नसेल, पाणी मात्र तुमच्या देखत वाहतंय.

गटात जबाबदारी का विरघळते, हे डार्ली आणि लाताने यांनी १९६८ मध्ये मोजलं. त्यांच्या प्रयोगात दुसऱ्या खोलीत कुणाला तरी फिटचा झटका आल्याचं ऐकू येत होतं. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोकांनी झटका संपण्याआधी मदत मागितली. आणखी चार जण ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांनी. ही माणसं निर्दय नव्हती, कुणीतरी बघत असेल अशा समजुतीत होती. त्यामुळे मदत हवी असेल तर एका माणसाकडे बोट दाखवून मागा. बैठकीतलं प्रत्येक काम एका नावावर आणि एका तारखेवर टाका. दोन नावं म्हणजे शून्य नावं. आणि बारा जणांना आलेल्या संदेशाला ‘मी करतो’ किंवा ‘मला जमणार नाही’ असं उत्तर द्या. गप्प राहिलं की उरलेले अकरा तुमच्यावर विसंबतात.

राजकारणात हिशेब कुणाकडे मागायचा

कोणत्याही पदावरच्या माणसाला श्रेय किंवा दोष देण्याआधी चार प्रश्न विचारा. त्याला तो अधिकार होता का? पैसा होता का? परिणाम दिसण्याइतका वेळ गेला होता का? धोक्याची माहिती त्याच्यापर्यंत पोचली होती का? चौथ्याचं उत्तर ‘नाही’ आलं की पाचवा प्रश्न उभा राहतो: माहिती मिळवणं त्याचंच काम होतं का?

वेळेचा प्रश्न सगळ्यांत जास्त विसरला जातो. प्राथमिक शाळेतल्या बदलाचं फळ दिसायला दहा-बारा वर्षं लागतात, म्हणजे फीत कापणारा बहुधा दुसराच असतो. इंधनाचे भाव जगभर वाढले असतील तर शेजारच्या पाच देशांत किती वाढले ते आधी पाहा. स्थानिक सरकारचा हिशेब फक्त उरलेल्या फरकाचा.

नागरिक म्हणून तुमचा वाटा लहान आहे, पण शून्य नाही. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नका. एका मताने निकाल फिरत नाही म्हणून राष्ट्रीय प्रश्नांवर रोज दोन तास संतापायचं, आणि जिथे वीस माणसं मिळून निर्णय बदलू शकतात त्या स्थानिक सभेला जायचं नाही, हा सौदा तोट्याचा आहे. प्रतिनिधीला लिहाल तेव्हा एका पत्रात एकच प्रश्न ठेवा, त्याचं उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा आकडा असेल असा, आणि उत्तराची तारीख मागा. पाच तक्रारींच्या पत्राला सगळ्यांत सोप्या तक्रारीचं उत्तर येतं.

पद्धत कुठे फसते

ती फक्त विरोधकांवर वापरली तर उलटा परिणाम होतो. डॅन काहान आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या प्रयोगात एकच आकडेतक्ता काही लोकांना त्वचेच्या मलमाचा म्हणून आणि काहींना बंदूकबंदीचा म्हणून दिला. मलमाच्या तक्त्यात गणितात हुशार लोक सरस ठरले. बंदुकांच्या तक्त्यात तशाच हुशार लोकांत राजकीय बाजूनुसार सर्वाधिक फूट पडली: नको असलेल्या उत्तरातली खोट त्यांनी शोधली, हवं ते उत्तर आल्यावर तपासणी थांबवली. म्हणून महिन्याला एक मत असं तपासा जे मोडलं तर तुम्हाला वाईट वाटेल.

दुसरा धोका म्हणजे सगळ्यावरच संशय. ‘सगळेच खोटं बोलतात’ म्हणणाऱ्याला काहीच तपासावं लागत नाही. हा आळसच, फक्त सावधपणाच्या कपड्यांतला. निर्णयाची तारीख आधी ठरवा आणि त्या दिवशी हातात असेल तेवढ्या पुराव्यावर, शक्यतेचा आकडा लिहून, निर्णय घ्या.

दर तीन महिन्यांनी वही उघडा. मोडलेल्या मतापुढे एक शब्द लिहा: आकडा, कारण, स्रोत की घाई. वर्षभरात तुमचा नेहमीचा घसरण्याचा टप्पा दिसेल. पुढच्या वेळी तपासणी तिथूनच सुरू करा. आणि चुकीचं ठरलेलं काही इतरांना पाठवलं असेल, तर दुरुस्ती त्याच गटात, त्याच लोकांना, स्वतंत्र संदेशाने पाठवा: ‘१२ तारखेला मी पाठवलेली माहिती चुकीची होती, बरोबर माहिती ही.’ जुना संदेश नुसता पुसून टाकू नका. ज्यांनी तो आधीच पुढे पाठवला त्यांना काहीच कळत नाही.